सीपॅपचा फिल्टर आणि पाचटाचा धूर: एका संदेशाचा प्रतिवाद

उसाचा हंगाम सरत आला की माजलगाव परिसरात संध्याकाळी शिवारे पेटू लागतात. तोडणी झालेल्या फडातले पाचट, कपाशीच्या पऱ्हाट्या, वाळलेले बांध असे सगळे एका काडीने साफ केले जाते आणि रात्री वारा पडला की तो धूर गावावर येऊन बसतो. कन्नडजवळ गौताळ्याच्या डोंगरात वणवा लागला तर पायथ्याच्या गावांचीही हीच गत होते. नेमक्या याच दिवसांत आमच्याकडे व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो. त्याचा आशय असा: ज्यांच्याकडे सीपॅप मशीन (झोपेत श्वास थांबणाऱ्यांना मास्कमधून दाबाने हवा देणारी मशीन) आहे त्यांना धुराची भीती नाही, भारी फिल्टर बसवला की मशीन शुद्ध हवा देते, फिल्टर नसेल तर एन-९५ मास्कचा तुकडा लावावा, ह्युमिडिफायरचे (मशीनच्या हवेला ओलावा देणाऱ्या भांड्याचे) पाणी उरलेला धूर धुऊन काढते, धूर आत शिरू नये म्हणून मास्कची छिद्रे चिकटपट्टीने बंद करावीत, घरातल्या दमेकऱ्यांनीही आलटूनपालटून मशीन लावावी. माझे वडील सहा वर्षांपासून सीपॅप लावून झोपतात. हा संदेश त्यांनाही तीन ठिकाणांहून आला आणि त्यांनी चिकटपट्टी शोधायला सुरुवात केली, म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटले.

संदेशात एक गोष्ट खरी आहे आणि ती आधी मान्य केली पाहिजे. चांगल्या फिल्टरने फरक पडतो. सीपॅप ऑक्सिजन तयार करत नाही. ती खोलीतलीच हवा ओढून तिला ठरावीक दाब देते आणि नळीतून नाकापर्यंत पोहोचवते, म्हणजे झोपेत घशाचा मार्ग मिटत नाही. आत येणारी हवा ज्या फिल्टरमधून जाते तो बहुतेक मशीनमध्ये साधा स्पंजाचा किंवा जाडसर तंतूंचा असतो. त्याचे काम धूळ, परागकण आणि केस अडवणे, म्हणजे मुख्यतः मशीनचा पंखा जपणे हे आहे. धुराचे कण फार बारीक, बहुतांशी एक मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) लहान असतात, आणि स्पंजातून ते सहज पार होतात. कंपन्या त्याच मापाचा पांढरा, दाट तंतूंचा फिल्टर देतात. तो यांतले बरेच कण अडवतो, म्हणून धुराच्या दिवसांत तोच वापरावा.

परंतु ‘बरेच कण अडवतो’ आणि ‘धूर आत येत नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. हेपा हे नाव ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणाऱ्या फिल्टरसाठी आहे. काडेपेटीएवढ्या जागेत बसणाऱ्या पातळ चकतीवर विक्रेत्याने तो शब्द छापला म्हणून तिला ती क्षमता येत नाही, आणि चकती खाचेत नीट बसली नाही तर हवा कडेनेच वाट काढते. त्याहून मोठी गोष्ट ही, की धुरात नुसते कण नसतात. कार्बन मोनॉक्साइड, फॉर्मल्डिहाइड, ॲक्रोलिन, बेंझिन हे वायू कणांच्या कोणत्याही फिल्टरमधून जसेच्या तसे पलीकडे जातात. कोळशाचा थर असलेला फिल्टर यांतले काही वायू काही काळ धरून ठेवतो, कार्बन मोनॉक्साइड मात्र त्यालाही अडवता येत नाही. डोळे चुरचुरत असतील, डोके जड झाले असेल, तर फिल्टर नवा आहे एवढ्यावर विसंबून तिथेच झोपणे धोक्याचे आहे.

फिल्टर किती दिवसांनी बदलायचा, याबद्दल संदेशात अवाक्षर नाही. मास्कच्या छिद्रांतून उच्छ्वासाची हवा सतत बाहेर ढकलावी लागत असल्याने मशीन मिनिटाला साधारण ३० लिटर किंवा त्याहून अधिक हवा ओढते, तर शांत झोपलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटरच हवा घेतो. म्हणजे आपण श्वासात घेतो त्याच्या चारपाच पट धूर त्या इवल्याशा फिल्टरवर येऊन आदळतो. एरवी महिनाभर चालणारा फिल्टर पाचट पेटण्याच्या आठवड्यात चार दिवसांतच करडा पडलेला मी पाहिला आहे. रंग बदलला की तो टाकून द्यावा. झटकून किंवा धुऊन पुन्हा लावू नये. स्पंजाचा फिल्टर धुता येतो, पण तो पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नये.

एन-९५ च्या तुकड्याचे काय? तो मास्क चेहऱ्याएवढ्या पृष्ठभागातून श्वास घेण्यासाठी बनवलेला असतो. त्याचा दोन बोटांचा तुकडा कापून हवेच्या तोंडावर चिकटवला की तेवढ्याशा जागेतून मशीनला सगळी हवा ओढावी लागते. पंखा जोर लावतो, आवाज वाढतो, मोटार तापते आणि तरीही डॉक्टरांनी ठरवून दिलेला दाब रात्रभर टिकेलच असे नाही. दाब पडला की घसा पुन्हा मिटू लागतो, आणि झोपलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. काहीजण ओले फडके बांधतात. त्याने ओल थेट पंख्यात जाते आणि बुरशीला आयते घर मिळते. मशीन आणि नळी यांच्यामध्ये बसणारा, जंतू अडवणारा फिल्टर बाजारात मिळतो. पण त्यानेही हवेला अडथळा होतो आणि काही मशीनमध्ये त्यासाठी वेगळी सेटिंग करावी लागते, म्हणून तो तंत्रज्ञाला विचारूनच बसवावा. ह्युमिडिफायरबद्दल एवढेच पुरे: तिथे हवा पाण्याच्या पृष्ठभागावरून जाते, पाण्यातून गाळून निघत नाही, त्यामुळे धूर धुतला जाण्याचा प्रश्नच येत नाही.

छिद्रे बंद करण्याचा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, तो जिवावर बेतणारा आहे. मशीन चालू असताना त्या छिद्रांतून हवा फक्त बाहेर जाते, कारण आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो. धूर तिथून आत शिरू शकत नाही. आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर जाण्याची तीच एक वाट असते. ती बुजवली तर माणूस आपलाच उच्छ्वास पुन्हा पुन्हा आत घेत राहतो. आपल्याकडे रात्री-अपरात्री वीज जाते, तेव्हाही हेच लक्षात ठेवावे: मशीन बंद पडली की मास्क काढून ठेवायचा. जवळ झोपणाऱ्या माणसालाही हे सांगून ठेवावे.

दमेकऱ्याने दुसऱ्याची मशीन लावणेही तितकेच अयोग्य आहे. त्या मशीनचा दाब एका विशिष्ट माणसाच्या झोपेच्या तपासणीवरून ठरवलेला असतो, आणि फुप्फुसात हवा अडकून राहण्याचा आजार असलेल्याला तो दाब अपायकारक ठरू शकतो. त्यांच्यासाठी त्यांचा पंप, बाहेर जाताना नाकातोंडावर घट्ट बसणारा अख्खा एन-९५ आणि वेळीच डॉक्टर, हाच मार्ग आहे.

या संदेशात खोलीचा उल्लेखच नाही, हे मला सर्वांत खटकते. मास्क रात्री सातआठ तास चेहऱ्यावर असतो. उरलेले सोळा तास माणूस उघड्या नाकाने तीच हवा घेतो. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कपर्यंत पोहोचला, तेव्हा तिथल्या लोकांना दारे-खिडक्या लावून घरात थांबण्यास सांगितले गेले. मराठवाड्यात मार्च-एप्रिलमध्ये तसे करणे कठीण, कारण आपला गारवा कूलरवर चालतो आणि कूलर बाहेरची हवा ओढूनच खोलीत टाकतो. कूलरचे ओले गवत धुराचे बारीक कण अडवत नाही. पलंगाशेजारी सीपॅप आणि खिडकीत कूलर, अशी मांडणी कितीतरी घरांत आहे. तिथे कितीही भारी फिल्टर लावला तरी कूलर खोलीत धूर भरत राहणार आणि सीपॅप तोच ओढत राहणार. धूर दाट असेल तेवढे तास कूलर बंद ठेवून छताचा पंखा लावावा. स्प्लिट एसी असेल तर तो खोलीतलीच हवा फिरवतो, म्हणून चालतो. हेपा फिल्टरचा एअर प्युरिफायर ऐपतीत असेल तर तो झोपण्याच्या एका खोलीत ठेवावा, आणि त्या खोलीत धूप, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती लावू नये. उकाडा असह्य होऊ लागला, विशेषतः वृद्धांना, तर मात्र खिडकी उघडावी किंवा दुसरीकडे झोपायला जावे, कारण उष्माघात धुराहून लवकर घात करतो.

याच्या उलट सांगणारेही भेटतात. मशीन धूर दाबाने फुप्फुसात कोंबते, म्हणून अशा रात्री ती बंदच ठेवावी, असे त्यांचे म्हणणे. श्वासागणिक किती हवा आत जाते हे मुख्यतः शरीर ठरवते. मशीन काढली म्हणून त्याच खोलीत झोपलेल्या माणसाचा धूर कमी होत नाही, उलट फिल्टरने अडवलेले कणही आता थेट आत जातात. शिवाय श्वास थांबणे, ऑक्सिजन घसरणे, दचकून जाग येणे हे सगळे पहिल्याच रात्री परत येते. म्हणून आमच्याकडे फड पेटला की आधी कूलर बंद होतो, करडा पडलेला फिल्टर बदलला जातो, आणि वडील मशीन लावूनच झोपतात.