सकाळी साडेदहाची आरडाओरड

इंदूरला रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा हिवाळ्यात आमच्याकडे, ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये, सकाळचे साडेदहा झालेले असतात. शनिवारी मी याच वेळेला घरी फोन लावतो. बाबांच्या आधी मला ऐकू येतो तो दिल्लीतला कुणीतरी प्रवक्ता. मग दुसरा. मग दोघं एकदम.

"बाबा, जरा आवाज कमी करा ना."

"थांब रे, आता हा त्याला झापणार आहे."

टीव्हीवरच्या अशा आरडाओरडीच्या चर्चांवर मी पुष्कळ वर्षं नाक मुरडलं. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा वाद महिन्यातून एकदा पेटतोच. आतेभाऊ म्हणतो, सगळे अँकर विकले गेलेत. काका म्हणतात, अमेरिकेत बसून आम्हाला अक्कल शिकवू नका. काकांचं म्हणणं मला हल्ली पटायला लागलंय, पण त्यांच्या कारणासाठी नाही.

गोष्ट अशी की मी स्वतः रोज चहाबरोबर मीडियाइट वाचतो. टीव्हीवरच्या बोलघेवड्यांची आणि माध्यमांच्या धंद्याची खबरबात देणारी ही साइट डॅन एब्रम्स यांनी 2009 साली काढली. काल कोण कोणावर घसरला, कोणाचा करार संपला, कोणत्या चॅनेलला किती प्रेक्षक मिळाले, असा तिचा माल. एब्रम्स स्वतः टीव्हीवर कायद्याचे जाणकार म्हणून बोलणारे, त्याआधी काही काळ एमएसएनबीसी चॅनेलचे प्रमुख. म्हणजे फलंदाजानेच पंचाचा कोट घातला. सुरुवातीला तर साइटवर माध्यमातल्या माणसांची क्रमवारी लावणारा तक्ताही होता. शेअर बाजारासारखा.

आमच्या घरी केबल नाही, हे मी लोकांना जरा अभिमानानेच सांगत असे. तरी रात्रीच्या अँकरांची भांडणं मला पाठ. मागे एका शेजारणीने आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण म्हणून विचारलं, तर मला नाव सांगता येईना. बाबा निदान अख्खं भांडण बघतात. मी त्याचे तुकडे वाचतो आणि स्वतःला शहाणा समजतो.

तेव्हा 'अमेरिकेत बघा, कशी सभ्य चर्चा होते' हे मी बोलणार नाही. 2004 च्या ऑक्टोबरमध्ये जॉन स्ट्यूअर्ट हा विनोदवीर सीएनएनच्या 'क्रॉसफायर' या वादावादीच्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून गेला आणि यजमानांना तोंडावर म्हणाला, की तुम्ही देशाचं नुकसान करताय. पुढच्या जानेवारीत सीएनएनने कार्यक्रम गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. लोकांना वाटलं, सुटलो. त्या यजमानांपैकी एक होता टकर कार्लसन. तो पुढे फॉक्स न्यूज चॅनेलवर रात्री आठचा राजा झाला. 2020 मध्ये त्याच्या बोलण्यावरून फॉक्सवर बदनामीचा दावा झाला, तेव्हा वकिलांनी सांगितलं की अशा कार्यक्रमात अतिशयोक्ती असते, ती प्रेक्षक शब्दशः खरी मानत नाहीत. न्यायालयाने ते ग्राह्य धरून दावा फेटाळला. "मजा म्हणून बघतो रे," हे बाबांचं ठरलेलं उत्तर न्यूयॉर्कच्या कोर्टातही चालतं, हे मला तेव्हा कळलं.

एक फरक मात्र खरा आहे, तो पैशाचा. निवडणूक यंत्रांविषयी खोटं चालवलं म्हणून फॉक्सला 2023 मध्ये ती यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीला 78 कोटी 75 लाख डॉलर मोजून तडजोड करावी लागली. त्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, की चॅनेलांच्या स्वनियमनात जास्तीत जास्त दंड एक लाख रुपये, त्याचा धाक कोणाला वाटणार? प्रश्न बरोबर होता. पण डोमिनियन ही वकिलांची फौज उभी करू शकणारी कंपनी. टीव्हीवर ज्याच्या नावाने रात्रभर शिमगा झाला, त्या साध्या माणसाला अमेरिकेतही असं काही मिळत नाही.

आतेभाऊ म्हणतो, सगळं टीआरपीसाठी चालतं. मला एक शंका आहे. मुंबईतलं टीआरपीत फेरफार केल्याचं प्रकरण बाहेर आल्यावर ऑक्टोबर 2020 मध्ये प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेने वृत्तवाहिन्यांचे आकडे देणं थांबवलं, ते थेट मार्च 2022 मध्ये पुन्हा सुरू झाले. सतरा महिने आकडेच नाहीत. त्या सतरा महिन्यांत इंदूरच्या रामबागेतला आमचा टीव्ही एका शनिवारीही खालच्या पट्टीत बोलल्याचं मला आठवत नाही.

माझं मत विचाराल तर मूळ दुखणं खर्चाचं आहे. सहा माणसं आपापल्या घरून कॅमेऱ्यासमोर बसवली की तास भरतो. गावी बातमीदार पाठवायचा तर गाडी, मुक्काम, चार दिवस, आणि एवढं करून कदाचित हाती काहीच नाही. यूट्यूबवरच्या आपल्या आवडत्या स्वतंत्र पत्रकारांचंही गणित तेच, तिथे तर सहाऐवजी एकच माणूस पुरतो. वाचकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या न्यूजलाँड्री या वृत्तसाइटला मी पैसे भरतो. पण खरं सांगू? त्यांची अँकरांची टर उडवणारी मालिका मी आधी बघतो. दौरे करून लिहिलेले लांब वृत्तान्त नंतर, कधी कधी नाहीच.

अ‍ॅक्रनपासून तासाभरावर यंग्जटाउन आहे. तिथला 'विंडिकेटर' हा पेपर 1869 पासून निघत होता, तो 31 ऑगस्ट 2019 ला बंद पडला. नाव शेजारच्या वॉरन गावच्या पेपराने घेतलं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या 2023 च्या पाहणीप्रमाणे अमेरिकेत आठवड्याला सरासरी अडीच वर्तमानपत्रं बंद होत होती. बोलणारे मात्र एकही कमी झाले नाहीत.

इंदूरच्या माणसाला हे जरा जास्त लागतं. 1947 पासूनचं हिंदी दैनिक 'नई दुनिया' आमच्या गावचं. त्याचे संपादक राहुल बारपुते मराठी घरातले, पण हिंदी पत्रकारितेत त्यांचं नाव आदराने घेतात. राजेंद्र माथुर, प्रभाष जोशी तिथूनच पुढे गेले. आजोबा ओटल्यावर बसून आधी वाचकांची पत्रं वाचत, मग बातम्या. त्या पेपराचेही लाडके-दोडके असणारच, पण भांडण नळाच्या वेळेचं असे, आणि भांडणारे दोघंही सराफ्याच्या खाऊबाजारात भेटत.

30 मार्च 2023 ला, रामनवमीच्या दिवशी, इंदूरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवरचा, म्हणजे जुन्या पायऱ्यांच्या विहिरीवरचा, स्लॅब हवन चालू असताना खचला आणि 36 माणसं गेली. मी इथे रात्रभर क्लिपा बघत होतो. दोष कोणाचा, यावर तावातावाने चर्चा. मला हवं होतं ते वेगळंच. शहरात अशा किती बावड्यांवर फरशी टाकून वर वस्ती झाली? नगर निगमाने, म्हणजे महापालिकेने, मंदिराला आधी नोटीस दिली होती, ती कोणत्या टेबलावर अडली? हे शोधायला कोणीतरी पायी फिरावं लागतं, जुने नकाशे काढावे लागतात. पॅनेलवरचा माणूस कितीही हुशार असला तरी खुर्चीत बसून बावड्या मोजू शकत नाही.

गेल्या शनिवारी फोन लावला तर पाठीमागे शांतता. मला वाटलं, टीव्ही बिघडला. बाबांनीच आवाज बंद केला होता, कारण त्यांना गल्लीची कथा सांगायची होती. ड्रेनेजसाठी रस्ता तिसऱ्यांदा खणला, त्यात नर्मदेची लाइन फुटली, दोन दिवस पाणी नाही. बाबा आणि शेजारचे जोशीकाका झोन ऑफिसात जाऊन बसले, तेव्हा कुठे माणसं आली. ठेकेदार कोण, त्याचा साडू कोण, सगळी वंशावळ त्यांना ठाऊक. असं रंगून बोलताना मी त्यांना बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

"पेपरात आलं का?"

"आलं ना. आतल्या पानावर, चार ओळी. गल्लीचं नाव चुकवलंय."