अर्ध्या मिलिमीटरचे आकडे

आरमाराच्या विषयात पुण्याने खरं तर तोंड उघडू नये. १७५६ साली पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. त्याचं प्रायश्चित्त कुणीतरी घ्यायलाच हवं होतं. ते मी नारायण पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या अर्ध्या टेबलावर घेतो आहे. उरलेल्या अर्ध्यावर घरचे जेवतात.

सध्या टेबलावर जुनी ‘विक्रांत’ आहे, म्हणजे तिची प्रतिकृती. एकास तीनशेपन्नास माप, लांबी साधारण दोन फूट. जहाज जोडणं ही चिकाटीची गोष्ट आहे, रंगवणं ही हौसेची. पण त्यावरच्या खुणा काढणं हा निव्वळ छळ आहे. तिचा ‘आर ११’ हा क्रमांक काही त्रास देत नाही. आर म्हणजे विमानवाहू, डी म्हणजे विनाशिका, एफ म्हणजे फ्रिगेट, ही ब्रिटिशांची पद्धत आपण ठेवली आणि २०२२ साली नव्या विक्रांतलाही तोच आर ११ दिला. तो अंक ठसठशीत असतो. स्टेन्सिल कापा, रंग मारा, एका संध्याकाळी काम संपतं.

छळ आहे ड्राफ्ट मार्कांचा. जहाज पाण्यात किती बुडालंय हे वाचण्यासाठी पुढच्या नाळेवर आणि मागच्या टोकाला आकड्यांची उभी शिडी रंगवलेली असते. फुटांच्या पद्धतीत प्रत्येक आकडा सहा इंच उंच आणि दोन आकड्यांमध्ये सहा इंच मोकळी जागा. आकड्याचा पाय पाण्याला टेकला तर तेवढे पूर्ण फूट, डोकं बुडालं तर वर अर्धा. फार सुंदर पद्धत आहे. फक्त त्या सहा इंचांना तीनशेपन्नासने भागलं की उत्तर येतं ०.४४ मिलिमीटर. एवढ्यात आठ काढायचा. दोन्ही पोटं मोकळी ठेवून. मेट्रिक जहाजांवर आकडा दहाच सेंटिमीटरचा असतो, म्हणजे इथे ०.२९ मिलिमीटर. एरवी मी मेट्रिक पद्धतीचा कट्टर समर्थक; पण विक्रांत १९४३ साली ब्रिटनमध्ये बांधायला घेतली होती, तेव्हा फूट-इंचांचा विजय असो.

शहाणे लोक या जागी नुसते ठिपके देतात. लांबून आकड्यांसारखे दिसतात म्हणे. पुण्यात लांबून कोणी बघत नाही.

शिवाय जहाज रंगवायचं नसतं, त्याची एक तारीख रंगवायची असते. १९६१ची बेलफास्टमध्ये ताब्यात घेतलेली विक्रांत वेगळी, पुढे सी हॅरियर विमानांच्या उड्डाणासाठी नाकाला चढ बसवलेली वेगळी. मी डिसेंबर १९७१ धरला. तिच्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले तो काळ. त्या वेळचे फोटो कृष्णधवल. कृष्णधवल फोटोत जगातली सगळीच आरमारं राखाडी असतात, त्यामुळे नेमका राखाडी कोणता, यावर आमच्यात मैत्र्या तुटलेल्या आहेत. माझा कोथरूडचा मित्र दुसऱ्या महायुद्धातली जर्मन युद्धनौका ‘बिस्मार्क’ करतो. तिच्या अंगावर काळे-पांढरे तिरके पट्टे होते. २१ मे १९४१ला नॉर्वेच्या खाडीत नांगर टाकलेला असताना खलाशांनी ते राखाडी रंगाने झाकले आणि २७ तारखेला ती बुडाली. आता पट्ट्यांची करायची की झाकलेल्या पट्ट्यांची? २५१ मीटरचं जहाज त्या पोरांनी खाडीत उभ्या उभ्या रंगवलं. मित्राची छत्तीस सेंटिमीटरची बिस्मार्क लॉकडाऊनपासून प्रायमरमध्ये बसली आहे.

आकड्यांसाठी ट्रिपल झीरोचा ब्रशसुद्धा झाडूसारखा वाटायला लागला, तेव्हा कुणीतरी सांगितलं की नेल आर्टचा लायनर ब्रश घे. तुळशीबागेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने ब्रश दाखवले आणि आपुलकीने विचारलं, “काका, नखं कोणाची करायचीत?”

मी बेसावधपणे म्हणालो, “विक्रांतची.”

“जेन्ट्सचं पण करतो आम्ही,” ती म्हणाली. “पाठवून द्या त्यांना.”

ब्रश मात्र अप्रतिम निघाला. आता फक्त हात स्थिर हवा. तो होता, पण नदीपात्रात ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झाला. आमच्या इमारतीत संध्याकाळी सात ते नऊ डाळीलासुद्धा तरंग उठतात. पथकाचा ठेका मला आता पाठ आहे. कुठे हात थांबतो, पुन्हा पडण्याआधी किती वेळ मिळतो, हे हेरून मी दोन ठोक्यांच्या फटीत तेविसातला तीन पुरा केला आहे. पथकप्रमुखाला याचा पत्ता नाही. त्यात पावसाळी हवा. मॅट वार्निश मारलं की दमटपणाने त्यावर दुधाळ साय धरते आणि नौका धुक्यात शिरते.

भाचा मर्चंट नेव्हीत आहे. सुट्टीवर आला, जहाज पाहिलं आणि पहिलं वाक्य: “मामा, प्लिमसोल मार्क राहिला.” या प्रश्नाची मी वर्षानुवर्षं वाट पाहत होतो. त्याला समोर बसवून सांगितलं, की ती वर्तुळाची खूण मालवाहू जहाजांची. मालक लोक अति माल भरून खलाशांना बुडवत होते, म्हणून ब्रिटनने १८७६ साली कायद्याने ती लावली. युद्धनौकेवर कोणी भाडं घेऊन पोती लादत नाही, म्हणून तिला ती लागत नाही. भाचा म्हणाला, “बरं.” इतका मोठा विजय इतक्या छोट्या शब्दात आटोपला.

खरी परीक्षा खालच्या मजल्यावरच्या काकांची. बँकेतून निवृत्त, आयुष्यभर दुसऱ्यांच्या आकड्यांवर भिंग धरलेलं. त्यांनी माझंच भिंग उचललं आणि बराच वेळ पाहिलं.

“हे काय लिहिलंयस?”

“चोवीस. म्हणजे एवढं फूट पाणी.”

“चोवीस फूट?” काका खुर्चीत मागे रेलले. “पानशेत फुटलं तेव्हा मी दुसरीत होतो. आमच्या वाड्यात पाणी कुठवर आलं त्याची खूण वडिलांनी भिंतीवर काढली होती. रंगाऱ्याच्या ब्रशने. रस्त्यावरून वाचता यायची.”

मी म्हणालो, हे मापाप्रमाणे आहे.

“हात चांगला आहे तुझा,” ते म्हणाले. “इथे वाया चाललाय.”

पुढच्या मीटिंगमध्ये सोसायटीने पार्किंगचे आकडे रंगवण्याचं काम एकमताने मला दिलं. रंग सोसायटीचा, ब्रश माझे. काकांनी ठरावात उंचीही घालून घेतली आहे: सहा इंच.