तीन चौरस मीटर

विजय मल्ल्याला भारताच्या ताब्यात द्यायचं की नाही, या खटल्यात २०१८ साली लंडनच्या न्यायाधीशांनी आर्थर रोड जेलमधल्या बराक नंबर १२ चा व्हिडिओ मागवला, तेव्हा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुसता कल्ला. "बँका बुडवणाऱ्याला आता समुद्र दिसणारी खोली द्यायची का?" मीही हसून अंगठा दिला होता. गोरे साहेब अजून आपल्याला शिकवतात, असंच वाटलं होतं.

नंतर वाचताना कळलं की 'तुमचं जेल कसं आहे?' हा प्रश्न युरोपातले देश एकमेकांनाही विचारतात.

२००२ साली, अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर, युरोपियन युनियनने सामाईक अटक वॉरंट आणलं. त्याआधी आरोपी परत मागायचा तर मंत्रालयांतून फायली फिरायच्या. आता एका देशाच्या कोर्टाने वॉरंट काढलं की दुसऱ्या देशाचं कोर्टच माणूस ताब्यात देतं. मंत्र्याची सही नाही, आणि निर्णय साधारण ६० दिवसांत. दहशतवाद, मानवी तस्करी अशा ३२ प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांत 'हा आमच्याकडे गुन्हा आहे का' हेसुद्धा बघायचं नाही. सीमा उघड्या ठेवायच्या तर चोरांसाठी त्या आडोसा होता कामा नयेत, हे मला पटतं. पण सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा: तुझं कोर्ट तसंच माझं कोर्ट, तुझं जेल तसंच माझं जेल.

जर्मनीतल्या ब्रेमेनच्या न्यायाधीशांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. त्यांच्यासमोर दोघे होते. एक हंगेरीला घरफोडीसाठी हवा होता, दुसरा रोमानियाला. या दुसऱ्याचा गुन्हा काय, तर विनापरवाना गाडी चालवणं; शिक्षा १ वर्ष ८ महिने. दोन्हीकडची जेलं खचाखच भरलेली. लक्झेंबर्गच्या कोर्टाने, म्हणजे युरोपियन युनियनच्या सर्वोच्च कोर्टाने, एप्रिल २०१६ मध्ये सांगितलं: विश्वास ठेवा, पण डोळे झाकून नको. या माणसाला नेमकं कुठे ठेवणार ते विचारा, आणि धोका दूर होत नसेल तर पाठवू नका. २०१९ मध्ये मापही ठरलं. सामाईक कोठडीत माणशी किमान ३ चौरस मीटर, संडास-मोरी सोडून. म्हणजे आपल्या डबल बेडपेक्षाही कमी.

ज्याच्या घरी चोरी झाली त्याला ही चौकशी म्हणजे चोराचे लाड वाटणार, आणि त्याचं काही चुकत नाही. पण विचारलं म्हणून आरोपी सुटतोच असं नाही. आयर्लंडच्या कोर्टाने पोलंडच्या न्यायाधीशांच्या स्वातंत्र्यावर शंका घेतली, प्रकरण लक्झेंबर्गपर्यंत नेलं, आणि शेवटी आरोपी पोलंडच्या हवाली करायचाच आदेश दिला. मल्ल्याचंही तेच. व्हिडिओ बघून कोर्टाने जेलबद्दलची तक्रार फेटाळली. तो अजून तिकडेच आहे, पण त्याला बराक जबाबदार नाही.

आता मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. बराक नंबर १२ मधला उजेड, पंखा, संडास, सगळ्याची हमी आपण परदेशी कोर्टाला लेखी दिली. त्याच आवारातल्या बाकीच्या बराकींत, तारखेची वाट बघणाऱ्या कच्च्या कैद्यांना किती चौरस मीटर मिळतात? वकील मित्रांनी कमेंटमध्ये सांगा.