‘एकदा कापले की गेले’ म्हणणारा मेसेज आणि प्रत्यक्षातले नियम

बँकेच्या चार्जबद्दलचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर बरेच दिवस फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : खातं उघडताना सही केलीत तेव्हाच सगळे चार्ज मान्य केलेत, त्यामुळे कापलेले पैसे परत मागता येत नाहीत. शिल्लक कमी पडली की बँक हवा तेवढा दंड लावते आणि खातं उणेही करू शकते. एटीएमचा व्यवहार फसला तरी तो मोजला जातो. तक्रार केली तर सिबिल, म्हणजे कर्ज देताना पाहतात तो पतगुणांक, बिघडतं. एजंट मात्र कमिशन घेऊन पैसे काढून देतो. बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर वकील आणि फी लागते.

लोक हे वाचून गप्प बसतात आणि दर महिन्याला शे-दोनशे रुपये जात राहतात, म्हणून यातला एकेक मुद्दा घेऊ.

‘सही केलीत, म्हणजे मान्य केलंत’

हे अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच ते सर्वांत जास्त नुकसान करतं. किमान शिल्लक किती ठेवायची, चेकबुकचे किंवा डेबिट कार्डाचे किती पैसे घ्यायचे, हे प्रत्येक बँक स्वतः ठरवते. रिझर्व्ह बँक तो आकडा ठरवून देत नाही. त्यामुळे ‘तुमचा चार्ज फार जास्त आहे’ एवढीच तक्रार केली तर ती टिकत नाही. बँकेच्या व्यावसायिक निर्णयात लोकपालही हात घालत नाहीत.

पण सहीने मान्य होतात ते नियमात बसणारे चार्ज. नियम मोडून लावलेला चार्ज सहीमुळे कायदेशीर होत नाही. किमान शिल्लक किंवा तिच्यावरचा दंड बदलायचा असेल, तर जुन्या खातेदाराला निदान एक महिना आधी कळवावं लागतं. म्हणून पहिली मागणी ही : ज्या तारखेला पैसे कापले, त्या तारखेला लागू असलेलं शुल्कपत्रक द्या. आजचं नको. संकेतस्थळावर बहुधा आजचंच दिसतं, आणि काउंटरवरचा कर्मचारीही तेच वाचून दाखवतो.

इथेच तक्रारीची भाषा महत्त्वाची ठरते. ‘साहेब, या वेळी माफ करा’ म्हटलं की एखादा चार्ज मेहेरबानी म्हणून परत येतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा लागतो. ‘या नोंदीने हा नियम मोडला आहे’ असं लिहिलं की बँकेला कागद काढून दाखवावा लागतो, आणि पुष्कळदा तो नसतो.

‘शिल्लक कमी म्हणजे हवा तेवढा दंड’

हे साफ चूक आहे. रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ रोजी परिपत्रक काढून बचत खात्यावरच्या या दंडाला अटी घातल्या. त्या १ एप्रिल २०१५ पासून लागू झाल्या.

पहिली अट सूचनेची. शिल्लक घटली की बँकेने एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, की महिन्याभरात भरपाई केली नाही तर दंड लागेल. तो महिना संपल्यावरच दंड घेता येतो. म्हणजे सूचना ७ तारखेला आली आणि दंड त्याच महिन्याच्या ३० तारखेला कापला, तर तो आधीच कापला गेला. महिन्याच्या आत शिल्लक भरून काढली आणि तरी कापला, तर तोही चुकीचा. बँकेचं ठरलेलं उत्तर असतं, ‘मेसेज पाठवला होता.’ तेव्हा कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर आणि काय मजकूर पाठवला, हे लेखी मागावं. पण खात्याला जोडलेला नंबर तुम्हीच बदलायचा राहिला असेल, तर बँकेची बाजू भक्कम होते. म्हणून तक्रारीआधी आपला नोंदणीकृत मोबाइल आणि ईमेल तपासून घ्या.

दुसरी अट तुटीच्या प्रमाणाची. दंड तुटीच्या ठरावीक टक्क्यांनी लावायचा. त्यासाठी टप्पे ठेवता येतात. पन्नास रुपयांची तूट आणि पाच हजारांची तूट, दोन्हींना एकच ठोक रक्कम लावली असेल तर हरकत घ्यायला जागा आहे.

तूट म्हणजे किती, यावर लोक आणि बँका दोघेही चुकतात. बहुतेक खात्यांना ‘मासिक सरासरी शिल्लक’ लागू असते. रोज दिवसअखेर खात्यात किती होते त्याची बेरीज करायची आणि महिन्याच्या दिवसांनी भागायचं. सुट्टीच्या दिवशी आदल्या दिवशीची शिल्लकच धरतात. समजा अट ५,००० रुपयांची आहे. पहिले १० दिवस खात्यात १२,००० होते आणि उरलेले २० दिवस १,८००. बेरीज १,५६,००० आणि सरासरी ५,२००. वीस दिवस खातं पाच हजारांच्या खाली होतं, तरी दंड शून्य. आता त्या २० दिवसांत १,८०० ऐवजी १,२०० होते असं धरा. सरासरी ४,८०० येते, तूट २०० रुपयांची. बँकेचा दर ६ टक्के असेल तर दंड १२ रुपये, जीएसटी धरून १४ रुपये १६ पैसे. अशा महिन्याला दोन-तीनशे कापलेले दिसले तर हिशेब मागायलाच हवा. काही बँका महिन्याऐवजी तिमाहीची सरासरी धरतात. शुल्कपत्रकात कोणती आहे ते पाहून मगच बेरीज करा.

तिसरी अट : निव्वळ या दंडापायी खात्यातली शिल्लक शून्याच्या खाली जाता कामा नये. ‘निव्वळ’ हा शब्द लक्षात ठेवा. डेबिट कार्डाची वार्षिक फी, कर्जाचा हप्ता परत गेल्याचा चार्ज वगैरे वेगळे असतात; त्यांना ही अट जशीच्या तशी लागू नाही. त्यामुळे स्टेटमेंटमध्ये कोणती नोंद कशाची आहे, हे आधी वेगळं काढावं लागतं.

बंद पडलेल्या खात्यांचं तर स्पष्टच आहे. दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही, तर ते खातं निष्क्रिय ठरतं. १ एप्रिल २०२४ पासून अशा खात्यावर किमान शिल्लकेचा दंड लावता येत नाही, आणि ते पुन्हा सुरू करायलाही पैसे घेता येत नाहीत. गावाकडच्या शाखेत आईवडिलांचं जुनं खातं पडून असेल तर २०२४ नंतरच्या नोंदी जरूर पाहा.

पगाराच्या खात्यांत वेगळीच गोम असते. नोकरी सुटली, पगार जमा होईनासा झाला, की काही महिन्यांनी बँक ते खातं साध्या बचत खात्यात बदलते आणि दंड सुरू होतो. बदल करारात असेलही. पण महिन्याभराची सूचना तिथेही लागतेच.

ज्यांना शिल्लक राखणं जमतच नाही, त्यांनी मूलभूत बचत खातं मागावं. त्याला किमान शिल्लक नसते, कार्ड मोफत मिळतं आणि महिन्याला निदान चार वेळा पैसे काढणं मोफत असतं. जनधन खाती याच प्रकारची. अट एकच : त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. शिवाय स्टेट बँकेने २०२० मध्ये आणि कॅनरा, पंजाब नॅशनल व इंडियन बँक यांनी २०२५ मध्ये बचत खात्यावरचा हा दंडच काढून टाकला. तिथे त्यानंतरच्या तारखेची अशी नोंद दिसली, तर विचारायला वेगळं कारणही लागणार नाही.

‘एटीएममधून पैसे आले नाहीत तरी व्यवहार मोजतात’

मोजता येत नाही. मशीनमधला किंवा नेटवर्कमधला बिघाड, मशीनमध्ये नोटा नसणं, चुकीचा पिन, यामुळे फसलेले व्यवहार महिन्याच्या मोफत व्यवहारांच्या संख्येत धरायचे नाहीत, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये स्पष्ट केलं. आपल्याच बँकेच्या एटीएमवर शिल्लक पाहणं किंवा चेकबुक मागवणंही धरायचं नाही. मोफत संख्या संपल्यावर १ मे २०२५ पासून जास्तीत जास्त २३ रुपये आणि वर कर, एवढंच घेता येतं.

खात्यातून रक्कम गेली पण नोटा आल्याच नाहीत, तर व्यवहारानंतर पाच दिवसांत ती परत जमा व्हायला हवी. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही खातेदाराने न मागता. यूपीआयने पाठवलेले पैसे समोरच्याला पोहोचलेच नाहीत, तर मुदत एका दिवसाची. प्रत्यक्षात मूळ रक्कम येते आणि भरपाई येत नाही. लोक रक्कम आली म्हणून विषय सोडून देतात. रक्कम कापल्याची आणि परत आल्याची तारीख लिहून मधले दिवस मोजा आणि मागा.

एसएमएसचा चार्ज प्रत्यक्ष वापराप्रमाणे असावा, असं २०१३ पासून सांगितलेलं आहे. ठोक तिमाही रक्कम लावली असेल तर किती मेसेज आले ते विचारा. चेक परत गेल्याचा चार्ज खातेदाराची चूक असेल तरच घेता येतो. घराच्या बदलत्या व्याजदराच्या कर्जाची व्यक्तीने मुदतीआधी फेड केली, तर त्यावर चार्ज नाही. कर्जाचा हप्ता चुकल्यास वाढीव दंडव्याज लावता येत नाही. ‘दंडशुल्क’ घेता येतं, पण ते मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. त्या दंडशुल्कावर जीएसटीही नाही.

आणि एक नोंद चार्जसारखी दिसते पण चार्ज नसते : मे महिन्याच्या अखेरीस जाणारे ४३६ आणि २० रुपये. ते जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनांचे हप्ते आहेत. आपण संमती दिल्याचं आठवत नसेल तर बँकेकडे संमतिपत्राची प्रत मागावी.

‘तक्रार केली तर सिबिल बिघडतं, खातं गोठवतात’

सिबिलकडे कर्ज आणि क्रेडिट कार्ड यांची माहिती जाते. बचत खात्यावरचा वाद किंवा तक्रार तिथे नोंदली जात नाही. क्रेडिट कार्डाच्या बिलात मात्र जपून. एका चार्जवर वाद आहे म्हणून अख्खं बिल थांबवलं तर थकबाकी खरंच नोंदली जाते. देय तारखेआधी लेखी हरकत घ्यावी आणि वाद नसलेली रक्कम वेळेत भरावी.

खातं गोठण्याची नेहमीची कारणं म्हणजे अपुरं केवायसी, किंवा पोलिसांचा, न्यायालयाचा वा कर खात्याचा आदेश. तक्रार हे कारण नाही. केवायसी आधी पूर्ण करून ठेवलं की ही भीती उरत नाही.

‘एजंट काढून देतो’

एजंटला या कामात काहीच विशेष अधिकार नसतो. तो पासवर्ड, ओटीपी किंवा मोबाइलचा ताबा देणारं अ‍ॅप मागतो, आणि तिथे चार्जच्या कैकपट रक्कम जाते. चार्ज परत करायला बँकेला तुमचा ओटीपी लागत नाही. ग्राहक सेवेचा नंबरही इंटरनेटवर शोधू नका. कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो तोच वापरा.

‘लोकपालाकडे वकील आणि फी लागते’

दोन्ही लागत नाही. उलट वकिलामार्फत केलेली तक्रार लोकपाल स्वीकारतच नाहीत. खातेदाराने स्वतः किंवा वकील नसलेल्या अधिकृत प्रतिनिधीने करायची. पण त्याआधी बँकेकडे लेखी तक्रार हवी. मजकूर एवढा पुरे :

‘माझ्या खात्यातून (शेवटचे चार अंक …) दि. … रोजी “…” या नोंदीखाली रु. … आणि जीएसटी रु. … वजा झाले. त्याआधी मला एक महिन्याची सूचना मिळालेली नाही. सूचना पाठवल्याची तारीख, मार्ग व मजकूर, तसेच सरासरी शिल्लक व तूट यांचा हिशेब लेखी द्यावा. तो देता येत नसल्यास रक्कम जीएसटीसह परत जमा करावी.’

नोंदीचा मजकूर पासबुकात आहे तसाच उतरवा. प्रत्येक नोंद वेगळ्या ओळीत लिहा; ‘गेली दोन वर्षं पैसे कापताहेत’ अशा तक्रारीला ‘नियमानुसार’ हा एकच शब्द उत्तर म्हणून येतो. तक्रार क्रमांक घ्या, शाखेत दिली तर प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. फोनवरच्या बोलण्यावर भागवू नका.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर जायचं : सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन. कागदावर तक्रार करायची तर ती चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राला पाठवतात, आणि ती मराठीतही चालते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. शाखा, नोडल अधिकारी (बँकेतला तक्रारी पाहणारा अधिकारी), मुख्य नोडल अधिकारी अशा सगळ्या पायऱ्या चढून या, असं बँक सांगते. पण ३० दिवस पहिल्या लेखी तक्रारीपासून मोजतात. तक्रारी परत येतात त्या मुख्यतः ठरावीक कारणांनी : बँकेकडे केलेल्या तक्रारीची प्रत जोडलेली नसते, ३० दिवस पुरे झालेले नसतात, किंवा तेच प्रकरण न्यायालयात असतं. उशीरही करू नका. लोकपाल योजनेच्या मुदती बदलू शकतात, अर्ज करताना पोर्टलवरची चालू मुदत वाचा.

जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांचे खातेदारही १ नोव्हेंबर २०२५ पासून लोकपालांकडे जाऊ शकतात. पतसंस्था मात्र यात येत नाहीत. त्यांची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे. लोकपालाऐवजी ग्राहक आयोगाचाही मार्ग आहे. तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

परतावा आला की आकडा जुळवून पाहा. ३०० रुपये चार्ज आणि १८ टक्के जीएसटी मिळून ३५४ रुपये गेलेले असतात, आणि परत येतात ३००. उरलेले ५४ त्याच तक्रार क्रमांकाखाली मागा. नवी तक्रार नोंदवून घ्यायला नकार द्या, कारण मग ३० दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.