‘एक्स्टेन्शन टाकलं, आता ऑक्टोबरपर्यंत निवांत’?

मार्च उजाडला की इथल्या अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर तो मेसेज हमखास येतो: ‘छोटा धंदा आहे? फॉर्म ४८६८, म्हणजे मुदतवाढीचा अर्ज (एक्स्टेन्शन), टाका. सहा महिने कर भरायला नको. पैसेच नसतील तर टाकूही नका, काय फायदा? आणि दरवर्षी टाकलं तर ऑडिट लागतं.’

सहा महिने मिळतात ते रिटर्न भरायला. पैसे १५ एप्रिललाच द्यायचे. भारतात सरकार तारीख पुढे ढकलतं आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात, त्या सवयीने आपण इथे फसतो. दहा हजार डॉलर देणं असेल आणि ते ऑक्टोबरच्या मध्यावर भरलं, तर महिना अर्धा टक्का दराने तीनशे डॉलर दंड, वर व्याज.

म्हणजे पैसे नसतील तर एक्स्टेन्शन निरुपयोगी? उलट तेव्हाच ते टाकायचं! न टाकता रिटर्नही लटकवलं तर दंड महिन्याला पाच टक्के, म्हणजे त्याच दहा हजारांवर पाचशे, आणि तो पंचवीस टक्क्यांपर्यंत चढतो. हाताशी असेल तेवढं भरा, पण अर्ज टाकाच.

आता ४८६८. एकट्याचा धंदा वैयक्तिक रिटर्नमध्येच दाखवत असाल तर ठीक. भागीदारी किंवा एस-कॉर्प (जिचा नफा मालकांच्या वैयक्तिक रिटर्नमध्ये जातो अशी कंपनी) असेल तर कंपनीच्या रिटर्नच्या मुदतवाढीसाठी फॉर्म ७००४ लागतो, तोही १५ मार्चच्या आत. माझ्याकडे आलेल्या एका नवरा-बायकोची जेवणाच्या डब्यांची एस-कॉर्प होती. २०२४ सालासाठी त्यांनी एप्रिलमध्ये ४८६८ टाकला, कंपनीचं रिटर्न ऑगस्टच्या दहा तारखेला भरलं. कंपनीवर कर एक सेंटही नव्हता. तरी कर खात्याचं दंडाचं पत्र आलं: दोन भागधारक, पाच महिने, प्रत्येकी महिना २४५ डॉलर. एकूण २,४५०. वहिनी म्हणाल्या, ‘‘अहो, फॉर्म तर टाकला होता ना!’’ टाकला होता, पण स्वतःच्या रिटर्नचा.

ऑडिटची भीती कुठून आली कोण जाणे. एक्स्टेन्शन मागताना फॉर्म कारणसुद्धा विचारत नाही.

राज्याच्या कराबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. न्यू जर्सीत वैयक्तिक कराच्या किमान ८० टक्के रक्कम मूळ तारखेपर्यंत भरलेली नसेल, तर तिथली मुदतवाढ धरत नाहीत. न्यू जर्सीतल्याच एडिसनच्या ग्रुपवर मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांनी एवढं तरी जोडावं.