केमिस्ट्रीचा पेपर आणि कॉमर्सचा बाप

बारावीच्या फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या पेपरांमध्ये जी सुट्टी असते, ती मुलांनी उजळणी करावी म्हणून असते, असं बोर्डाला वाटतं. आमच्याकडे तिचा पहिला अर्धा दिवस फिजिक्सचं सुतक पाळण्यात गेला. कुठला प्रश्न सोडला, कुणाचं उत्तर काय आलं, मैत्रिणीचं उत्तर वेगळं कसं आलं. सुतक फिटलं तेव्हा समोर सोळा धडे आणि हाताशी दीड दिवस होता.

लेकीने मग वेळापत्रक करायला घेतलं. चार रंगांची स्केचपेनं, पट्टी, कार्डशीट. सॉलिड स्टेट पाऊण तास, सोल्युशन्स एक तास, जेवण वीस मिनिटं, 'पॉवर नॅप' चाळीस मिनिटं. वेळापत्रक इतकं देखणं झालं की ते भिंतीला चिकटेपर्यंत त्यातल्या पहिल्या दोन धड्यांची वेळ होऊन गेली होती. त्यानंतर हायलायटर निघाला. तासाभरात पुस्तकाला नखशिखांत हळद लागली, पण लग्नाचा कुठे पत्ता नव्हता.

"सगळं येतंय बाबा, नुसती नजर फिरवायची आहे."

हे 'सगळं येतंय' फार घातक असतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे गट पाडून एकाला उतारे पुन्हा पुन्हा वाचायला लावले आणि दुसऱ्याला एकदा वाचून आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तर लिहिणारे पुढे. बोर्ड पाच मिनिटांनी परीक्षा घेत नाही, हीच अडचण आहे. पालकसभेत केमिस्ट्रीच्या मॅडमनीही हेच सोप्या मराठीत सांगितलं होतं, "पुस्तक मिटा आणि विचारा."

विचारायचं कुणी? नैसर्गिक उमेदवार माझी बायको. ती केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. पण ती दहा मिनिटांत बाद झाली. प्रश्न विचारायची, लेकीने 'अं' म्हणेपर्यंत उत्तर देऊन टाकायची आणि वर, "आमच्या वेळी हे अकरावीतच होतं." लेकीने निकाल दिला, "आई नको. बाबाला काहीच येत नाही, तो बसेल."

असा मी, बारावी कॉमर्स, सध्या बँकेत, केवळ अज्ञानाच्या गुणवत्तेवर नेमला गेलो.

काम सोपं वाटत होतं. पुस्तक माझ्या हातात, कोरे कागद तिच्या हातात. मी अभिक्रियेचं नाव उच्चारायचं, तिने ती लिहून दाखवायची. नावं मात्र अशी की आपण केमिस्ट्री शिकतोय की युरोपातल्या कुठल्या लग्नाची पत्रिका वाचतोय कळेना: वुर्ट्झ, फिंकेलस्टाइन, सँडमायर, रोझेनमुंड, क्लेमेन्सन. हेल-व्होलहार्ड-झेलिन्स्की नावाची अभिक्रिया तर मी तीन इन्स्टॉलमेंटमध्ये वाचली.

"कॅनिझारो," मी म्हणालो.

तिने खाडखाड सांगितलं. अल्फा हायड्रोजन नसलेलं अल्डिहाइड, तीव्र अल्कली. दोन रेणूंपैकी एकाचं ऑक्सिडेशन होऊन आम्लाचं मीठ होतं, दुसऱ्याचं रिडक्शन होऊन अल्कोहोल.

"म्हणजे सख्ख्या भावांपैकी एक मिठाला जागला आणि दुसरा दारूला लागला?"

"बाबा, प्लीज."

"बरं. पण अल्फा हायड्रोजन नसलेलं म्हणजे काय?"

"म्हणजे... अल्फा हायड्रोजन नसतो त्यात."

"तो कुठे असतो, जेव्हा असतो तेव्हा?"

"थांब."

त्या एका 'थांब'साठी मला बसवलं होतं, हे मला तिथे कळलं. ज्याला येतं त्याला हा प्रश्न पडतच नाही. तिने स्वतःच फॉर्माल्डिहाइड काढलं, बेंझाल्डिहाइड काढलं, बोटाने अल्डिहाइड गटाच्या शेजारचा कार्बन शोधला. त्याच्यावर बसतो तो अल्फा हायड्रोजन. फॉर्माल्डिहाइडला शेजारी कार्बनच नाही. बेंझाल्डिहाइडला आहे, पण त्याच्यावर हायड्रोजन नाही. असता तर सौम्य अल्कलीत गाडी आल्डोल नावाच्या दुसऱ्या अभिक्रियेकडे गेली असती. "अरे! म्हणून आल्डोल आणि कॅनिझारो शेजारी शेजारी आहेत!" वर्षभर क्लासची फी भरून न झालेला साक्षात्कार, माझ्या फुकटच्या अज्ञानात.

मग 'थांब'ची वेगळी यादी झाली. जिथे धडाधड आलं ते सोडायचं, जिथे 'थांब' आलं ते रात्री पुन्हा विचारायचं. सगळ्यात जास्त 'थांब' R या अक्षरावर, म्हणजे वायू स्थिरांकावर निघाले. हा R ऑस्मॉटिक प्रेशरमध्ये ०.०८२०६ आणि थर्मोडायनॅमिक्समध्ये ८.३१४. गणित बरोबर, R चुकीचा, उत्तर मंगळावर. लिटर-अ‍ॅटमॉस्फिअरचा हिशेब असेल तर पहिला, ज्युलचा असेल तर दुसरा. मी दम दिला की युनिट लिहिल्याशिवाय आकडा मांडायचा नाही. बँकेतल्या माणसाला चलन न लिहिता रक्कम बघवत नाही.

सोल्युशन्सच्या वेळी आमची आई कुकर लावायला आली. लेक सांगत होती, पाण्यात मिठासारखं, उडून न जाणारं काही विरघळलं की उत्कलनांक वाढतो.

आई म्हणाली, "म्हणजे मीठ घातलं की वरण लवकर शिजेल?"

प्रश्न अभ्यासक्रमातलाच होता. लेकीने कागद ओढला. पाण्यासाठी स्थिरांक ०.५२. मिठाचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन तुकडे होतात, म्हणून व्हँट हॉफ फॅक्टर, म्हणजे i, २. म्हणजे किलोभर पाण्यात एक मोल, म्हणजे साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ घातलं तर उत्कलनांक साधारण एका अंशाने वाढणार.

"साडेअठ्ठावन्न ग्रॅम म्हणजे किती गं?"

"दहाबारा चमचे, आजी."

"एका अंशासाठी? आणि ते वरण खाणार कोण, तुझा तो व्हँट हॉफ?"

आईने चिमूटभर मीठ घातलं, शिट्टी बसवली आणि बोलणं संपवलं. त्यानंतर i ची किंमत त्या घरात कुणी विसरलं नाही. आईसुद्धा.

रात्री एक संकट आलं. ग्रुपवर कुणीतरी 'मोस्ट आयएमपी, १००% येणार' अशी यादी टाकली, त्यात जवळजवळ सगळं पुस्तक होतं. त्याच वेळी लेकीला सुचलं की पर्याय एवढे आहेत तर ऑरगॅनिक सोडूनच देऊ. २ गुणांच्या १२ पैकी ८ सोडवायचे, ३ गुणांच्याही १२ पैकी ८, ४ गुणांच्या ५ पैकी ३. हिशेब मोहक होता. पण पहिले १८ गुण पर्यायाशिवायचे, आणि ते धडा विचारून येत नाहीत. शेवटी तह झाला: सँडमायर राहील, पॉलिमरची लांबलचक नावं गेली तर जाऊ देत, ग्रीन केमिस्ट्रीची बारा तत्त्वं सकाळी चहाबरोबर. फोन आजीच्या उशीखाली गेला. तिथून तो काढायची हिंमत या घरात कुणाची नाही. 'थांब'ची यादी एकदा खालून वर विचारली आणि अकराला दिवा बंद केला. लेक लगेच झोपली. मी मात्र दोनपर्यंत जागा होतो, कारण क्लेमेन्सनला झिंक अमाल्गम लागतं की वुल्फ-किश्नरला, हे आठवेना, आणि बायकोला उठवायची सोय नव्हती. तिने सांगून टाकलं असतं.

पेपर सुटल्यावर मी गेटवर उभा होतो.

"कॅनिझारो आला?"

"नाही."

"R?"

"आला. युनिट लिहिलं आधी." मग स्कूटरवर बसता बसता, "बाबा, मॅथ्सला मात्र तू नको हं. आजीला बसवते."

"का? मला मॅथ्स बऱ्यापैकी येतं!"

"म्हणूनच."