‘नस दिसते’ म्हणजे नक्की काय दिसतं?

गेले पंधरा दिवस एकच मेसेज धायरीपासून विमाननगरपर्यंतचे सगळे नातेवाईक मला पाठवतायत. त्याचा सारांश असा: खांद्याच्या ऑपरेशनला मानेत देतात ते इंजेक्शन आता सोनोग्राफीवर नस बघून देतात, त्यामुळे चुकायचा प्रश्नच नाही. मान आतून सगळ्यांची सारखीच. ‘तुमचा स्नायू वेगळा निघाला’ हे लाखात एक, म्हणजे बहाणा. आणि नंतर धाप लागली तर समजा, डॉक्टर चुकला. मी पुण्यात भूल देतो, हे ब्लॉक, म्हणजे मज्जातंतूंपाशी औषध सोडून तेवढाच भाग बधिर करणं, माझ्या रोजच्या कामातले. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

‘नस दिसते’ म्हणे. कुठली? मराठीत रक्ताची नळी पण नस आणि मज्जातंतू पण नस. गंमत म्हणजे मानेत स्क्रीनवरही तोच घोळ आहे. हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूचं मूळ काळं गोल दिसतं आणि त्या मज्जातंतूंच्या जुडग्यातून आडवी जाणारी लहान धमनीही तशीच. म्हणून सुई घालण्याआधी कलर डॉप्लर, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोनोग्राफीची सोय, लावायचा. गोलात रंग वाहिला की ती धमनी, तिथून सुई दूर.

‘मान सारखीच’ हा दावा मात्र सगळ्यात पोकळ. पुस्तकातलं चित्र असं: मानेच्या बाजूचे दोन स्नायू, पुढचा आणि मधला स्केलीन, मध्ये खाच, खाचेत एकाखाली एक तीन काळे गोल, सिग्नलच्या दिव्यांसारखे. १९७० साली भूलतज्ज्ञ अ‍ॅलॉन विनी यांनी हा ब्लॉक मांडला तेव्हा ती खाच बोटाने चाचपायची. आता दिसते, पण ते तीन दिवे म्हणजे सी-५, सी-६, सी-७ (मानेतली पाचवी, सहावी, सातवी मज्जातंतू-मुळं) असं धरून चालणंही फसवं. बऱ्याचदा खालचे दोन मिळून एकटं सी-६ असतं. आणि सी-५ कधी खाचेत नसतंच. ते पुढच्या स्केलीनच्या पोटातून किंवा त्याच्याही पुढून उतरतं.

मागे एक काका बाइकवरून पडून खांदा मोडून आले होते. खाचेत दोनच गोल, तिसरा स्नायूच्या मांसात रुतलेला. डॉप्लरला रंग नाही. प्रोब (सोनोग्राफीचा मानेवर टेकवायचा भाग) हळूहळू कॉलरबोनकडे सरकवत नेला, तर तो गोल स्नायूतून बाहेर पडून बाकीच्यांना जाऊन मिळाला. सी-५च होतं ते. खाचेतच औषध सोडून मोकळा झालो असतो तर खांद्याचा वरचा भाग जागाच राहिला असता. दोन बोटं खाली येऊन, जिथे ते सी-६ला जुळतं तिथे औषध दिलं.

आता ‘लाखात एक’. लिव्हेटर क्लॅव्हिक्युली हा मानेच्या वरच्या मणक्यांपासून कॉलरबोनपर्यंत येणारा जादा स्नायू शंभरात एक ते तीन माणसांत सापडतो (वानरांत तो नेहमीचाच). आडव्या छेदात तो सुजलेल्या गाठीसारखा दिसतो. प्रोब वर-खाली नेला की गाठ संपते, स्नायू चालूच राहतो. स्केलिनस मिनिमस तर हाताची मोठी धमनी आणि मज्जातंतूंचा खालचा जुडगा यांच्या मध्येच घुसतो. तो ओळखला नाही तर खाच भलतीच धरली जाते. सगळ्यांच्या मानेत असले पाहुणे नसतात, पण एखाद्या वर्दळीच्या थिएटरात ते भेटल्याशिवाय राहत नाहीत.

धाप लागण्याबद्दल. श्वासाच्या पडद्याला जाणारा फ्रेनिक मज्जातंतू पुढच्या स्केलीनच्या अंगावरूनच उतरतो. वीस मिलीच्या आसपास औषध द्यायचो त्या काळात एका बाजूचा पडदा जवळपास प्रत्येकाचा झोपायचा. धडधाकट माणसाला बहुधा कळतही नाही, औषध उतरलं की पडदा पूर्ववत हलू लागतो. फुप्फुसाचा जुना आजार असेल तर आम्ही आधीच दुसरा मार्ग धरतो. काकांच्या मानेत मी खाली सरकलो त्यामागे हेही होतं: स्नायूच्या पुढच्या अंगाला औषध सोडणं म्हणजे फ्रेनिकच्या दारात सोडणं.

आणि ब्लॉक लागला नाही म्हणजे डॉक्टर कच्चा? कधी कधी असतो, खोटं कशाला बोलू. घाईत प्रोब न सरकवता पहिल्या दिसलेल्या खाचेत सुई घालणारे मी पाहिलेत. एकदा मीही त्यातलाच होतो.

काकांच्या केसपेपरवर मी लिहून ठेवलं: ‘उजवं सी-५ पुढच्या स्केलीनमधून’. त्यांच्या पुतण्याने तो कागद मोबाइलमध्ये टिपला आणि मग विचारलं, “डॉक्टर, डावीकडे पण तसंच असेल का?” म्हटलं, “असेलच असं नाही. ते बघूनच कळेल.”